साइन म्हणजे धनुष्याची दोरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीतल्या भाचीला त्रिकोणमिती शिकवत होते, तर तिने विचारलं, मावशी, साइन म्हणजे काय गं? मी म्हटलं समोरची बाजू भागिले कर्ण. ती म्हणाली ते सूत्र झालं, शब्दाचा अर्थ सांग ना. मला सांगता येईना, म्हणून शोधत बसले आणि जे कळलं ते सगळ्या मुलांना कळावं असं फार वाटतंय म्हणून हे पत्र.

वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य धरा, मग त्याची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी, संस्कृतात ज्या किंवा जीवा, आपण भूमितीत अजून जीवाच म्हणतो. ग्रीकांनी अख्ख्या जीवेची कोष्टकं केली होती, आपल्याकडे अर्धी जीवा घेतली, म्हणजे अर्धज्या, आणि मग बोलता बोलता अर्ध गळून नुसतं ज्या उरलं. हाच आपला साइन, कारण त्रिज्या कर्ण धरली तर अर्धी जीवा म्हणजेच कोनासमोरची बाजू! इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने एका श्लोकात २४ आकडे बसवलेत, २२५, २२४, २२२, २१९ असे कमी कमी होत जाणारे, एकेक मिळवत गेलं की अर्ध्या जीवांचं कोष्टक तयार.

पुढे अरबांनी जीवाचं जीबा केलं, पण स्वर गाळून लिहायची त्यांची पद्धत, त्यामुळे कागदावर राहिले फक्त ज आणि ब. नंतरच्यांनी ते जैब वाचलं, कारण जैब हा अरबीत खरोखरचा शब्द आहे, अंगरख्याचा छातीवरचा खोलगट भाग, हिंदीतलं जेब तिथलंच. १२व्या शतकात लॅटिन भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा सायनस शब्द घातला, त्याचा इंग्रजीत साइन झाला. सर्दीत दुखतो तो सायनसही हाच शब्द, नाकाजवळची पोकळी म्हणून. म्हणजे दोरीचा खिसा झाला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सगळी त्रिकोणमिती आपलीच असे मेसेज फिरतात ते मला पटत नाहीत, ग्रीकांचं काम आधीचं आहेच, पण अर्धी दोरी घ्यायची ही युक्ती इथली आणि ती मुलांना माहीतच नाही याचं खरंच वाईट वाटतं. पाठ्यपुस्तकात साइनच्या व्याख्येशेजारी एक धनुष्य काढून दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? आपल्या मुलांच्या पुरवणीतही हे चित्रासकट छापा अशी विनंती.

भाचीने वहीत धनुष्य काढलं, अर्धी दोरी लाल केली आणि लगेच विचारलं, मग टॅन्जंट? ते सोपं होतं, लॅटिनमध्ये स्पर्श करणारी, आपली स्पर्शिका.

– आपली एक नियमित वाचक