आम्रखंडाचा हिशेब

सांगली, रविवार

चि. बंड्यास, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, नोकरी सोडून पूर्णवेळ इंट्राडे करू का, शेअर त्याच दिवशी घ्यायचे नि त्याच दिवशी विकायचे?" मी "बघू" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. त्याबद्दल तू रागावला असशील. पण असल्या गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत. बत्तीस वर्षं बँकेत लेजर ओढलंय, कागद समोर असल्याशिवाय डोकं चालत नाही.

मे महिन्यात तू आला होतास, तेव्हा एका संध्याकाळी आम्रखंड घेऊन आलास. "आज ५४० सुटले," म्हणून आईला सांगितलंस. तीही खूश. रात्री तू मला त्या दिवसाची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेला सौद्यांचा नि खर्चाचा कागद, दाखवलीस, कशी वाचायची ते शिकवायला. तू झोपल्यावर मी पेन्सिल घेऊन बसलो. दिवसभरात ८ सौदे, प्रत्येक साधारण लाखाचा. एका सौद्याला घेताना-विकताना मिळून दलाली ४०, विक्रीवरचा सरकारी कर (एसटीटी) २५, मुद्रांक शुल्क ३, एक्स्चेंजचे सहाएक रुपये, आणि वर जीएसटी आठेक. झाले ८२. आठ सौद्यांचे ६५६. म्हणजे त्या दिवशी तुझे ११६ रुपये गेले होते, आम्रखंड वेगळं. सकाळी बोललो नाही, कारण आई अजून वाटी चाटत होती.

तुझे अंदाज चुकतात असं मी म्हणत नाही. त्या दिवशी ८ पैकी ५ बरोबर होते, मी मोजले. बरोबर येऊनही पुरलं नाही, हे मला डाचतंय. लाखाच्या सौद्यात तुझे स्वतःचे २५ हजार, बाकीची ताकद ब्रोकरची. दिवसाला दोनच सौदे केलेस तरी महिन्याच्या २० दिवसांत ३,२८० रुपये खर्चाचे. तुझ्या २५ हजारांवर महिना शेकडा १३! आपल्या पेठेतला सावकारसुद्धा एवढं मागायला लाजला असता. वर्षभरात तुझ्या भांडवलापेक्षा जास्त पैसे नुसते खर्चात जातात. तेवढं आधी कमवायचं, मग तुझा नफा सुरू.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडेवाल्यांचा अभ्यास काढला, तो मी चष्मा पुसून वाचला. २०२२-२३ मध्ये शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जण तोट्यात. तिशीच्या आतल्यांत १०० पैकी ७६. वर्षाला ५०० च्या वर सौदे करणाऱ्यांत ८०. म्हणजे सराव वाढला की हात बसतो, हे तुझं म्हणणं निदान या आकड्यांत तरी दिसत नाही. आणि बुडणाऱ्यांनी तोट्याच्या वर आणखी ५७ टक्के खर्चात घातले. फ्युचर्स-ऑप्शनची, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या करारांची, गोष्ट तर काढूच नकोस, तिथे १० पैकी ९ जण जातात.

उरलेल्या तिघांत मी असेन, असं तू म्हणशील. मीही म्हणालो होतो.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. २००७ च्या दिवाळीपासून मी जेवणाच्या सुट्टीत शेअरचे सौदे करून देणाऱ्या एका सब-ब्रोकरच्या खोलीत जाऊन बसायचो. किराणा दुकानाच्या वर, जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याला आधी वाट द्यावी लागे. अडीच महिने रोज काही ना काही सुटत होतं. मला वाटलं, आपल्याला कळलं. २१ जानेवारी २००८, सोमवार. सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला. मी पडत्यात घेतलं, संध्याकाळी विकायचं म्हणून. भाव आणखी खाली आले आणि मला तोटा घेववेना. दिवसाचा सौदा दिवसात मिटवायचा असतो. मी तो कुशीत घेऊन झोपलो. मंगळवारी बाजार उघडताच कोसळला, तासभर व्यवहारच बंद. मार्जिनचे, म्हणजे तारणाचे, आणखी पैसे भरा म्हणून निरोप आला. तुझ्या नावाची रिकरिंग मोडली.

तू तिसरीत होतास. त्या उन्हाळ्यात सायकल हवी होती तुला, आणि मी म्हणालो होतो, "उंची जरा वाढू दे." उंची पुरेशी होती रे.

आता स्पष्ट सांगतो. नोकरी सोडायची नाही, एवढं एक माझं ऐक. पगार येतोय तोवर चुकलेला सौदा तू सोडून देऊ शकतोस. पगार असूनही मीच सोडू शकलो नाही, मग घरभाडं त्याच खात्यातून द्यायचं झालं की तू काय सोडशील. शिवाय इंट्राडेचं उत्पन्न सट्ट्याच्या व्यवसायात धरतात, प्राप्तिकराचा आयटीआर-३ हा फॉर्म भरावा लागतो. तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून, तोही पुढच्या ४ वर्षांत.

नोकरी सांभाळून करायचं असेल तर कर. २५ हजार वेगळे काढलेस, ते संपले तर पुन्हा घालायचे नाहीत. आपलं डिलिव्हरीतलं, म्हणजे घेऊन ठेवलेले शेअर, आहेत त्यांना हात नाही. आणि सव्वानऊला, बाजार उघडताना, ऑफिसच्या बाथरूममध्ये मोबाईल घेऊन बसतोस, हे आईला कळलंय. कसं कळलं ते विचारू नकोस.

गणपतीला येशील तेव्हा एप्रिलपासूनच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोटा काढून आण. ५४० चे दिवसही, आणि ज्या दिवशी तू फोन उचलत नाहीस तेही. मी लांबडी वही आणून ठेवली आहे, रकाने आखले आहेत. शेवटचा रकाना रिकामा ठेवलाय, तो तू तुझ्या हाताने भर.

आईने चकल्यांची भाजणी दळून आणली आहे. पाऊस इथे बरा आहे.

तुझा,
बाबा