सांगणाऱ्याची जागा

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मित्र अनंत यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुस्तकावरून काढलेला चित्रपट पुस्तकाच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून तो पाहूच नये, असे तू ठामपणे लिहिले आहेस आणि पुराव्यादाखल 'शाळा' कादंबरीतले कोणकोणते प्रसंग पडद्यावर आलेच नाहीत, तेही सविस्तर कळवले आहेस. तुझे हे म्हणणे मला पटलेले नाही. का पटले नाही, ते दोन ओळींत उरकण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र लांबले तर वाचून घे.

प्रसंग गाळल्याबद्दल मी कोणत्याही दिग्दर्शकाला दोष देत नाही. कादंबरी आपण चार-आठ दिवस उशाशी ठेवून वाचतो आणि चित्रपटाला दोन-अडीच तासांत सगळे आटोपायचे असते, तेव्हा काटछाट होणारच. मी पाहतो ते वेगळे. पुस्तकातली गोष्ट कोणीतरी आपल्याला सांगत असतो आणि त्याच्या सांगण्याच्या तऱ्हेवर आपला जीव जडलेला असतो. पडद्यावर माणसे आणि घरे समोर दिसू लागतात, तेव्हा या सांगणाऱ्याला उभे राहायला जागाच उरत नाही. ती रिकामी झालेली जागा दिग्दर्शकाने कशाने भरली, यावर माझ्या लेखी चित्रपटाचे बरेवाईट ठरते.

'श्यामची आई'चेच पाहा. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्याची रचना बेचाळीस रात्रींची केली. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. आई केव्हाच गेलेली आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यांनाही, म्हणून पुस्तकातल्या साध्या दळणाकांडणाच्या वाक्यालाही वियोगाचा ओलावा आहे. आता तो पायांचा प्रसंग आठव. आई लहानग्या श्यामला न्हाऊ घालते, आणि ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून तो हट्ट धरतो की तू धोंड्यावर तुझे लुगडे पसर, मी त्यावर पाय टिपीन. आई हट्ट पुरवते आणि म्हणते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसा मनाला लागू नये म्हणूनही जप. पुस्तकात श्याम एवढ्यावर थांबत नाही. शरीराचा आणि कपड्यांचा मळ काढण्यासाठी आपण किती झटतो आणि मनाच्या मळासाठी किती थोडे, हे तो सोबत्यांना कळकळीने समजावतो. ते निरूपण हाच गुरुजींचा प्राण आहे, पण ते जसेच्या तसे पडद्यावर आणले तर व्याख्यान होईल.

आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला, तेव्हा त्यांनी निरूपणाचा भार आईच्या चेहऱ्यावर टाकला. तो चेहरा आपल्या ग्वाल्हेरचा होता, हे तुला मी सांगायला नको, पण पुण्याच्या तुझ्या मित्रमंडळींना अवश्य सांग. वनमालाबाई म्हणजे इथल्या पवार घराण्यातल्या सुशीलाबाई, आणि २००७ साली त्या वारल्या त्याही याच गावात. १९४१च्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर रुखसाना म्हणून दिमाखाने उभी राहिलेली ही सरदार घराण्यातली बाई, कोकणातल्या कर्जबाजारी घरातली आई होते. भूमिकेत शिरताना तिने आपला करारीपणा बाजूला ठेवला नाही, आणि मला त्या चित्रपटाचे सर्वांत मोठे यश इथेच दिसते. श्याम पोहायला जायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने फोडून विहिरीवर पिटाळते, तो प्रसंग घे. पुस्तकात तिच्या हातातली शिंपटी पाहतानाच आपल्याला माहीत असते की हा मुलगा पुढे तिच्या आठवणीने रडणार आहे, त्यामुळे मार आपल्याला लागत नाही. पडद्यावर ते कवच नसते. समोर दिसते ती लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून चिडलेली, दमलेली एक बाई. पुस्तकातली आई आठवणीतली आहे आणि चित्रपटातली हयात आहे, आणि मला दोघीही हव्या आहेत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्या पदकात माझ्या मते वनमालाबाईंचा वाटा फार मोठा आहे, आणि आपल्या गावात त्यांचे नाव आज जेवढे घेतले जाते त्याहून पुष्कळ अधिक घेतले जायला हवे.

सुजय डहाके यांनी २०२३ साली याच पुस्तकावर कृष्णधवल चित्रपट काढला आणि साने गुरुजींनाच पडद्यावर आणले, म्हणजे ज्याला जागा उरत नाही त्यालाच पुन्हा बोलावून घेतले. मला ती कल्पना आवडली, कारण आई दिसत असतानाच तिला आठवणाराही दिसत राहतो. तुझा राग ज्याच्यावर आहे तो 'शाळा'ही याच दिग्दर्शकाचा. त्या चित्रपटाबाबत तुझ्या तक्रारीला आधार आहे, पण तो गाळलेल्या प्रसंगांचा नाही. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीत नववीतला मुकुंद जोशी स्वतः बोलतो आणि आणीबाणीच्या काळातली ती शाळा, मास्तर, सुऱ्या-चित्र्या-फावड्या ही मित्रमंडळी, सगळे त्याच्या मनातल्या बोलण्यातून आपल्यापर्यंत येते. चित्रपटाने मुकुंद आणि त्याच्या वर्गातली, त्याला आवडणारी शिरोडकर यांचे एकमेकांकडे पाहणे फार हळुवारपणे टिपले, यात शंका नाही. परंतु स्वतःशी बोलणारा, जग स्वतःच्या हिशेबाने लावून घेणारा तो मुलगा फार थोडा उरला. यात आणखी दहा प्रसंग घातले असते तरी ही उणीव भरून निघाली नसती.

'सिंहासन'मध्ये मात्र हा प्रश्न कसा सुटला आहे ते पाहा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या आणि १९७९ साली जब्बार पटेलांनी चित्रपट केला. एवढ्या मोठ्या राजकीय पसाऱ्यात प्रेक्षक हरवून जायचा, पण निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार सगळीकडे हिंडतो, ऐकतो, पाहतो आणि फार थोडे बोलतो. कादंबरीकाराची नजर त्या एका माणसाच्या डोळ्यांत आली आहे. आणि ज्या नजरेने आपण दोन तास पाहत आलो, तिचाच शेवटी तोल जातो, दिगू वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा लेखकाला जे म्हणायचे होते ते एक शब्दही न उच्चारता आपल्या अंगावर येते. मी हा शेवट जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला साधूंची पाने आठवत नाहीत, आणि तसे होणे मी त्या चित्रपटाचा मोठेपणा समजतो.

उलट बाजूला 'गाइड' आहे. तू देव आनंदचा भक्त आहेस, तरी हे लिहितो. आर. के. नारायण यांच्या कादंबरीत राजू आपली निम्मी कहाणी स्वतः वेलन या खेडुताला सांगतो आणि राजूवर किती विश्वास ठेवायचा हे आपल्यावर सोडलेले असते. शेवटी गावाने साधू मानलेला आणि पावसासाठीच्या उपासाने खचलेला राजू नदीत उभा राहून म्हणतो की डोंगरात पाऊस पडतो आहे, आणि खाली कोसळतो. पाऊस खरोखर आला की नाही, हे लेखक सांगत नाही. १९६५च्या चित्रपटात पाऊस धो धो कोसळतो. मालगुडी हे आपले काल्पनिक गाव सोडून कथानक राजस्थानात नेल्याबद्दल आणि एकूणच झालेल्या बदलांबद्दल नारायण यांनी पुढे लेख लिहून नाराजी व्यक्त केली. ठिकाण बदलले याचे मला फारसे वाईट वाटत नाही, पण पाऊस पाडल्याचे वाटते, कारण त्या एका सरीने राजूची सगळी लबाडी आणि सगळा खरेपणा यांच्यामधला तिढा धुऊन टाकला.

आणि बदल केला म्हणजे घात झाला, असेही नाही. 'पथेर पांचाली'च्या मूळ कादंबरीत अपू आणि दुर्गा यांना एकत्र आगगाडी पाहायला मिळतच नाही, ती इच्छा मनात ठेवूनच दुर्गा जाते. सत्यजित राय यांनी १९५५ साली त्या दोघांना काशगवतातून धावत नेले आणि गाडी दाखवली. घटना अगदी उलटी झाली, तरी भावाबहिणीमधले जे होते त्याला धक्का लागला नाही.

मुक्तिबोधांचा उल्लेख केल्यावाचून मात्र राहवत नाही. आपल्या जुन्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली जन्मलेला हा मराठी घरातला कवी हिंदीत लिहिता झाला आणि त्याचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. मणि कौल यांनी १९८० साली 'सतह से उठता आदमी' काढला, तेव्हा त्यांनी गोष्ट जवळजवळ सोडूनच दिली आणि मुक्तिबोधांचे गद्य-पद्य तसेच ऐकू येऊ दिले. तो चित्रपट पाहणे सोपे नाही, पण सांगणाऱ्याला हात न लावता चित्रपट करता येतो, याचा तो दाखला आहे.

तू पुण्यात राहतोस, तिथे पुस्तकही हाताशी आहे आणि चित्रपटही, म्हणून हा वाद तुला आवडीनिवडीचा वाटत असेल. इथे तसे नाही. आपल्या गावातल्या चित्रपटगृहांत मराठी चित्रपट क्वचितच लागतो, आणि नातवंडे घरात मराठी बोलली तरी शाळेत सगळे हिंदी-इंग्रजी. लिपी ओळखीची असूनही मराठी पुस्तकाचे एक पान त्यांना अवघड जाते. माझ्या नातीने 'श्यामची आई' आधी मोबाइलवर पाहिला आणि मग मी तिला रात्री झोपताना पुस्तक वाचून दाखवू लागलो. जिथे श्याम प्रसंग थांबवून समजावू लागतो, तिथे ती मला अडवते आणि विचारते, "आजोबा, हा मध्येच का समजावतोय? पुढे काय झालं ते सांगा ना." मी ते परिच्छेद गाळत नाही. ती कंटाळते, कूस बदलते, आणि तरीही ऐकते. अशा मुलांना आपली पुस्तके पहिल्यांदा भेटणार ती पडद्यावरच, म्हणून ते काम जीव ओतून व्हायला हवे असे मला वाटते, आणि 'चित्रपट पाहूच नये' हा तुझा सल्ला इथल्या घरांसाठी मला मान्य करता येत नाही.

आता एक काम सांगतो. १९८२चा 'उंबरठा' आपण दोघांनी पाहिला आहे, पण ज्या कादंबरीवरून तो केला ती शांता निसळ यांची 'बेघर' माझी वाचायची राहिली आहे आणि इथे मिळत नाही. अप्पा बळवंत चौकात किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली तर घेऊन ठेव. एरवी आपण पुस्तकाकडून चित्रपटाकडे जातो, या वेळी स्मिता पाटीलचा चेहरा मनात घेऊन पुस्तकात शिरायचे आहे, आणि तिथे गोष्ट कोण सांगतो आहे, हे मला पाहायचे आहे. तूही आधी वाचून घे, म्हणजे पुढच्या पत्रात त्यावर लिहिता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
माधव