बाबा, फोनवर बोलायचं राहिलं ते

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात ना, की वर एक कडक माणूस बसला की खालचे सगळे आपोआप सरळ येतात, तेव्हा मी नुसतं हं हं केलं. तुमच्याशी फोनवर वाद घालणं मला या वयातही जमत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. शांतपणे वाचा.

माझं म्हणणं एवढंच की खालचे गप्प होतात, आणि वरून बघणाऱ्याला गप्प आणि सरळ यातला फरक दिसत नाही.

1937 ची सोव्हिएत जनगणना घ्या. 6 जानेवारीच्या एका रात्रीत अख्खा देश मोजायचा होता. त्याच्या तीन वर्षं आधी स्टालिनने पार्टीच्या अधिवेशनात लोकसंख्या 16 कोटी 80 लाख झाली असं सांगून टाकलेलं, म्हणजे आता आकडा त्याच्या वरच जायला हवा. आला 16 कोटी 20 लाखांच्या आसपास! 1932-33 च्या उपासमारीत युक्रेन, कझाकस्तानात जे लाखो लोक गेले ते सरकारी बोलण्यात कुठे गेलेच नव्हते ना, मोजायला दारात गेल्यावर मात्र सापडेनात. मग काय, जनगणना रद्द, आकडे कुलपात, मोजणारे मोठे साहेब तुरुंगात आणि त्यातल्या काहींना चक्क गोळ्या घातल्या. 1939 ला परत मोजणी केली तेव्हा 17 कोटींच्या थोडे वरच भरले. तुम्ही त्या दुसऱ्या मोजणीतले अधिकारी असता तर काय लिहिलं असतंत, खरं सांगा.

आणि चीनमध्ये तर याच्याही पुढची गंमत, गंमत कसली म्हणा. 1958 ला माओने मोठी झेप घ्यायची ठरवली, आता धान्य दुप्पट तिप्पट पिकणार. शेजारच्या कम्यूनने, म्हणजे अनेक गावं मिळून केलेल्या सामुदायिक शेतीने, दुप्पट पिकलं असं कळवलं की आपण खरा आकडा कसा लिहायचा, लिहिला तर तुमचा क्रांतीवर विश्वास नाही असा शिक्का, म्हणून हा थोडं वाढवतो, त्याच्या वरचा अजून थोडं, आणि वर पोचेपर्यंत ढीगच्या ढीग. मोठा नेता बघायला येणार असला की आजूबाजूच्या शेतातली भाताची रोपं उपटून एकाच शेतात खच्चून लावायचे, की बघा साहेब काय पीक आलंय. यात एकटा कोणीच फार मोठं खोटं बोलला नाही हो. पण सरकारचा वाटा ठरायचा तो त्या फुगवलेल्या आकड्यावर, आणि उचलला जायचा खऱ्या कणगीतून. मग गावात खायला काय उरणार?

बरं, कोणी सांगितलंच नाही असंही नाही. पेंग दहुआई म्हणून संरक्षणमंत्री होता, कोरियाच्या लढाईतला सेनापती, माओचा जुना साथीदार. त्याने जुलै 1959 मध्ये पार्टीच्या लुशानमधल्या बैठकीच्या वेळी माओला खाजगी पत्र लिहिलं, तेही आधी झेपेचं कौतुक करून मग हळूच की आकडे फुगवले जातायत. माओने त्या पत्राच्या कॉपी काढून सगळ्यांना वाटल्या आणि त्याला पार्टीविरोधी ठरवून मंत्रिपदावरून काढलं. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत बघून जिल्ह्यातला साधा साहेब तोंड उघडेल का? त्यानंतर भूकबळी अजून दोन वर्षं चालूच राहिले, कमीत कमी अंदाज धरला तरी दीड कोटी माणसं. हेनान प्रांतातल्या शिन्यांगला तर लोकांनी बाहेर पाठवलेली हजारो पत्रं पोस्टातच अडवून ठेवली होती. हे वाचलं त्या दिवशी मला काही सुचेना.

चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटाचं तुम्हाला माहितीच आहे, पण त्यातला एक बारकावा सांगते. 26 एप्रिल 1986 च्या त्या रात्री किरणोत्सर्ग मोजायची जी मीटर हातात होती त्यांचा काटा तासाला 3.6 रेंटगेनच्या (हे किरणोत्सर्गाचं माप) पुढे जातच नव्हता, तो तिथे जाऊन अडकला आणि वर रिपोर्ट गेला 3.6 असा. काटा संपलाय, आकडा नाही, हे ऐकून घ्यायची वरच्यांना इच्छाच नव्हती. जगाला पत्ता लागला तो दोन दिवसांनी, स्वीडनच्या अणुभट्टीत कामगारांच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला तेव्हा.

तुम्ही म्हणाल लोकशाहीतले साहेब काय हरिश्चंद्र असतात का. नसतातच, तेही दाबतातच. पण अमर्त्य सेन म्हणतात तसं तिथे पेपरवाला असतो, विरोधी पक्ष असतो, निवडणूक असते, एक दार बंद केलं तर बातमी दुसरीकडून घुसते. कडक माणूस आधी ती दारंच बंद करतो आणि मग विचारतो मला कोणी सांगितलं का नाही!

असो. आता घरचं. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चनंतर वाढवणार नाहीयेत, कळून तीन आठवडे झाले. दुसरीकडे दोन इंटरव्ह्यू दिलेत, अजून काही उत्तर नाही. आईला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तीच म्हणाली बाबांना इतक्यात नको. तिला ओरडू नका.

तुमची,
ठमी