नाव एक, माल दोन: ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर मेमरी ठळक छापायला लावा

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या भाच्यानं पगारातून आठ महिने पैसे साठवून मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमची चित्रं उमटवणारा भाग, घेतलं. मॉडेल मीच सुचवलं होतं. घरी आणून जोडल्यावर कळलं, नाव तेच, पण मेमरी १६ ऐवजी ८ जीबी. खोकं उघडलेलं म्हणून दुकानानं परत घेतलं नाही. माझ्या शब्दावर त्यानं पैसे घातले, हे मला अजून बोचतं.

पण हा प्रश्न एका दुकानापुरता नाही. २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबीतही मिळतं आणि १६ जीबीतही. आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच. आरटीएक्स ३०६० चा प्रकार तर याच्याही पुढचा. २०२१ मध्ये ते १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस (मेमरीतून माहिती ने-आण करणारा मार्ग) घेऊन आलं. पुढच्याच वर्षी त्याच नावानं ८ जीबी आणि १२८ बिटचं निघालं. मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबीवरून २४० वर उतरला, नाव मात्र जसंच्या तसं.

गेमची टेक्श्चर्स, म्हणजे भिंती, कपडे, जमीन यांच्या पृष्ठभागांची चित्रं, कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत की ती कॉम्प्युटरच्या रॅममधून आणावी लागतात, आणि ती वाट फार अरुंद असते. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) बरा दिसतो, पण ऐन मोक्याला चित्र अडखळतं. १०८० पी वर, म्हणजे साध्या फुल एचडी पडद्यावर, सेटिंग्ज बेताची ठेवली तर ८ जीबीत पुष्कळ गेम नीट चालतात, त्यामुळे अशी कार्डं विकूच नयेत असं मी म्हणत नाही. पण त्याहून बारीक चित्राचा, १४४० पी चा मॉनिटर असलेल्याला पैसे मोजण्याआधीच मेमरी किती ते कळलं पाहिजे. रॅमची पट्टी नंतर वाढवता येते. कार्डाची मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली असते, आहे तेवढीच राहते.

लॅपटॉपमध्ये तर आरटीएक्स ४०६० ला ३५ वॉट वीजही मिळू शकते आणि ११५ वॉटही; वीज कमी, तर वेगही कमी. जाहिरातीत नाव ठळक असतं. वॉट शोधत बसावं लागतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मालाचा दर्जा, प्रमाण, क्षमता आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क आम्हाला दिला आहे. खोक्यावर आयातदार, मूळ देश आणि एमआरपी छापणं आजही बंधनकारक आहे. फ्रीजवर तारे दिसतात, ते पाहून माणूस फ्रीज निवडतो. तशीच कार्डाची मेमरी, बसची रुंदी आणि वॉट हे तीन आकडे मॉडेलच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला लावावेत. ऑनलाइन विक्रीतही ते नावाला जोडूनच यावेत.

आणि बिलावरही. भाच्याच्या बिलावर १८ टक्के जीएसटीचा हिशेब पैशापैशापर्यंत आहे, पण कार्डाची मेमरी कुठेच नाही. '८ जीबी' एवढं जरी तिथे असतं, तरी त्यानं काउंटरवरच विचारलं असतं. खोक्यांचे नियम बदलायला वेळ लागणार असेल, तर निदान बिलापासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ग्राहक, सातारा