आधी ब्रेक, इंजिन शेवटी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पॉल न्यूमन यांच्यावरचा लेख वाचला. हा अमेरिकन अभिनेता हौस म्हणून थेट फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या मोटार शर्यतीत उतरला आणि दुसरा आला, असं त्यात म्हटलं आहे. दुसरा आला हे खरं. 'थेट' मात्र साफ चूक आहे, आणि गाडीवर पैसे उधळायला निघालेल्या पोरांच्या दृष्टीने घातकही.

रेसिंगवरच्या, १९६९ साली आलेल्या एका चित्रपटासाठी न्यूमन यांनी रेसिंग शिकवणारे शर्यतपटू बॉब बॉन्डुरंट यांच्याकडे शिक्षण घेतलं. पहिली अधिकृत शर्यत १९७२ मध्ये, अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या थॉम्प्सनला, लोटस एलान ही गाडी घेऊन. वय ४७. ल मान्स आलं १९७९ च्या जूनमध्ये. मधली सात वर्षं हा माणूस 'पी. एल. न्यूमन' अशा नावाने एससीसीए या अमेरिकन क्लबच्या हौशी शर्यतींत धावत होता. १९७६ साली रोड अटलांटा या ट्रॅकवर डी-प्रॉडक्शन नावाच्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं, ते ट्रायम्फ टीआर ६ या गाडीवर. पुढे १९७९ मध्ये डॅटसन २८० झेडएक्सवर आणि १९८५ व १९८६ मध्ये निसान ३०० झेडएक्स टर्बोवर अशी आणखी तीन.

टीआर ६ वर थोडं थांबायला हवं. २४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. रोजच्या रस्त्यावर चालवायला विकली जाणारी स्पोर्ट्स कार. तिची दुखणी जाणकारांना तोंडपाठ असतात. इंजिनातल्या क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजतात आणि लक्ष दिलं नाही तर सुटून खाली पडतात. मागच्या चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल धरणारी पिन चॅसिसमधून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून उखडते. अशा गाडीवर विजेतेपद मिळवायचं तर दर शर्यतीआधी गाडीखाली जाऊन हे सगळं तपासावं लागतं. शिवाय गटातल्या गाड्यांची ताकद साधारण सारखी असल्याने वळणातून वेग राखूनच पुढे जाता येतं. हे शिकून झाल्यावर ते रोल्फ स्टोमेलन आणि डिक बार्बर यांच्या जोडीने पोर्शे ९३५ मध्ये बसले. तिथेही पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी दुरुस्तीला थांबते त्या जागी, चाकाचा नट अडकला आणि बराच वेळ वाया गेला.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. हॅचबॅक घेतली की आधी रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकात केलेला बदल), एक्झॉस्ट, एअर फिल्टर. मग ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीला ब्रेकचं पेडल आत जातं. कारण साधं आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही. म्हणून ट्रॅकवर जाण्याआधी नवं, सीलबंद डब्यातलं ऑइल भरून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या आणि जास्त तापमान सोसणारे पॅड बसवा. सेशन संपताना एक फेरी ब्रेक फारसा न वापरता मारा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा.

दुसरा खर्च टायरचा, आणि त्यात पैशापेक्षा लक्ष जास्त लागतं. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो. तिथून बाजूच्या भिंतीपर्यंत खडूची रेघ ओढा आणि दोन फेऱ्या मारून या. रेघ त्रिकोणाच्या खालीही पुसली गेली असेल तर टायर कडेवर लोळतोय, हवा कमी आहे. त्रिकोणाच्या बऱ्याच वर शिल्लक असेल तर हवा जास्त आहे. साधारण सहा अंश तापमान वाढलं की एक पीएसआय दाब वाढतो, म्हणून दाब मोजायचा तो आत आल्या आल्या, टायर गरम असताना, आणि वहीत लिहून ठेवायचा. चाकाचे नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. पहिल्या सेशननंतर चाक थंड झालं की पुन्हा तपासा.

तिसरी गोष्ट सीट आणि पट्टे. कंपनीच्या सीटवर वळणात माणूस स्टिअरिंगला लटकतो आणि हाताला गाडीचं काही कळेनासं होतं. पट्टा कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही. मोटरसायकलचं हेल्मेट कार रेसिंगला चालत नाही, कारण त्याच्या अस्तराला आगीपासून संरक्षणाची अट नसते. कार रेसिंगच्या हेल्मेटसाठीचा स्नेल एसए किंवा जागतिक मोटरस्पोर्ट संघटना एफआयए हिचा शिक्का असलेलंच घ्यावं. इथे काटकसर करणाऱ्याला तांत्रिक तपासणीत परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

इंजिनाला हात लावायचा तो यानंतर, तोही गटाच्या नियमांत बसत असेल तर. बरेचदा बसत नाही आणि रिमॅपचे पैसे पाण्यात जातात.

महाराष्ट्रात मोठं सर्किट नाही, त्यासाठी कोइम्बतूर, चेन्नईसारखं ठिकाण गाठावं लागतं. पण सुरुवात तिथूनच करावी असं काही नाही. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्टला सस्पेन्शन नसल्याने वजन कुठून कुठे सरकतं ते थेट पाठीला कळतं. नंतर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचा परवाना काढून मारुती स्विफ्टच्या १३०० सीसी इंजिनावर धावणाऱ्या एलजीबी फॉर्म्युला ४ सारख्या गटात जाता येतं. तिथे सगळ्यांना सारखंच इंजिन असतं.

न्यूमन १९९५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर अमेरिकेतल्या डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांच्या गटातल्या विजेत्या संघात होते. वय आड येत नाही, हे लेखातलं मत त्यामुळे पटतं. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात १९७२ ते १९७९ या वर्षांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड, पुणे