वैजूला, हात आणि चाकांबद्दल

पुणे, मंगळवार रात्र

प्रिय वैजू,

फोनवर सांगायला गेले असते तर तिसऱ्या वाक्यालाच तू 'म्हणजे मीच बरोबर होते' म्हणाली असतीस आणि पुढचा तासभर आपण भांडलो असतो. म्हणून लिहितेय. पूर्ण वाच, मग भांड.

बाबांचं मोतीबिंदूचं नीट झालं. आता अख्खा पेपर वाचतात आणि आम्हाला ऐकवतात. माझी पाठ आहे तशीच आहे. तब्येतीचं एवढंच.

आज लॅबमध्ये जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू? तिसऱ्या वर्षाचा तो रोबोटिक्सचा पहिला कोर्स, अर्धा यंत्राच्या हातांचा, अर्धा चाकांच्या गाड्यांचा. आज दोन चाकांच्या गाडीचं प्रॅक्टिकल होतं. दोन्ही चाकांना वेगळी मोटर, दोन्हींवर चाक किती फिरलं ते मोजणारा एन्कोडर, मागे आधाराला कॅस्टर, म्हणजे मोकळं फिरणारं छोटं चाक. मी चार आज्ञा फळ्यावर लिहिल्या: एक मीटर पुढे, जागच्या जागी डावीकडे काटकोनात, एक मीटर मागे, जागच्या जागी उजवीकडे काटकोनात. गाडी शेवटी कुठे असेल ते आधी कागदावर लिहून द्या म्हटलं. बहुतेकांनी लिहिलं, 'मूळ जागी'. जितकं पुढे तितकंच मागे, जितकं डावीकडे तितकंच उजवीकडे, हिशोब चुकता!

गाडी सोडली. दोन्ही एन्कोडर शून्याच्या आसपास परत आले. गाडीचं तोंडही पहिल्याच दिशेला. आणि गाडी? एक मीटर पुढे आणि एक मीटर उजवीकडे, म्हणजे निघाली तिथून तिरकं १.४१ मीटर लांब, ऑसिलोस्कोपच्या टेबलाखाली. एकच गलका, 'एन्कोडर गेला, एन्कोडर गेला'. एक जण तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन नवा आणायला निघाला. (पम्याची आठवण आली. तोही प्रत्येक दुखण्यावर तपकीर गल्लीचंच औषध सांगायचा.)

तेवढ्यात मागच्या बाकावरची साताऱ्याची मुलगी उठली. एरवी हजेरीलासुद्धा जेमतेम आवाज निघतो तिचा. म्हणाली, "मॅडम, चाकं एकूण किती फिरली त्यावरून गाडी कुठे आहे ते कळणारच नाही. कुठल्या क्रमाने फिरली ते माहीत पाहिजे." मग कोपऱ्यातल्या आपल्या सहा अक्षांच्या, म्हणजे सहा सांध्यांच्या, यंत्रहाताकडे बघून म्हणाली, "त्याचं असं होणार नाही ना? त्याचे सगळे सांधे शून्यावर आणले की पंजा ठरल्या जागीच येणार."

वैजू, माझ्या अंगावर काटा आला. हॉस्टेलच्या गच्चीवर तू हेच म्हणाली होतीस, जवळजवळ याच शब्दांत. आणि मी म्हणाले होते की म्हणूनच हात थोर. त्यावर तू दोन दिवस बोलली नव्हतीस. अजूनही माझं तेच मत आहे, पण तो 'तुझी चाकं की माझे हात' वाद आज बाजूला.

आता काळजीचं. शुक्रवारी अभ्यासक्रमाची बैठक आहे आणि हातांचा भाग दोन तासांत उरकायचा असा प्रस्ताव आलाय. बाकी सगळं चाकं, नकाशे आणि शिकणारी यंत्रं. कारणं अशी, की मुलांना मॅट्रिक्स जड जातात, हाताच्या सांध्यांची मापं मांडणारा डीएचचा तक्ता आता स्वतः कोणी भरत नाही, तयार प्रोग्रॅमची लायब्ररी एका ओळीत उत्तर देते, आणि प्रत्यक्ष हाताऐवजी सिम्युलेशन चालेल. मांडणारी माणसं वाईट नाहीत. मुलांचं ओझं कमी व्हावं असं त्यांना खरंच वाटतं. म्हणूनच मला झोप नाही.

डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग, म्हणजे डीएचमधले डी आणि एच, यांनी १९५५ साली ती मांडणी केली, तेव्हा कारखान्यात एकही रोबो नव्हता. युनिमेट हा पहिला कारखान्यातला रोबो जनरल मोटर्समध्ये लागला १९६१ मध्ये. प्रत्येक सांध्याला चारच आकडे: दुव्याची लांबी, पीळ, सरक आणि कोन. पण ते चार आकडे लिहिण्याआधी प्रत्येक सांध्यावर अक्ष रोवावे लागतात, आणि ते करताना मुलगा पहिल्यांदा यंत्राकडे नीट बघतो. परीक्षेत अक्षांच्या दिशा ठरवायला सगळा वर्ग उजव्या हाताची तीन बोटं काटकोनात धरून मनगट पिळत बसतो. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या सुपरवायझर बाई घाबरल्या, त्यांना वाटलं खाणाखुणा चालल्यात! मला जाऊन समजवावं लागलं.

आणि लायब्ररी उत्तर देते म्हणजे काय देते? एका ठिकाणी पंजा न्यायचा तर लॅबमधल्या आपल्या यंत्रहातासारख्या हाताला आठ तऱ्हा असतात. खांदा डावीकडून की उजवीकडून, कोपर वर की खाली, मनगट सरळ की उलटं. सहा फिरत्या सांध्यांचा कसाही हात घेतला तर सोळापर्यंत. मनगटाचे तीन अक्ष एका बिंदूत मिळाले तर गणित सुटसुटीत होतं हे पायपरने १९६८ मध्येच दाखवलं, आणि कारखान्यातल्या बहुतेक हातांची मनगटं आजही तशीच असतात. आठांतली कुठली तऱ्हा घ्यायची हे कोपर डोळ्यांसमोर आणता आल्याशिवाय मुलगी ठरवणार कशी? आणि हात पूर्ण ताणला की जॅकोबियनचा, म्हणजे सांध्यांचे वेग आणि पंजाचा वेग जोडणाऱ्या मॅट्रिक्सचा, डिटरमिनंट शून्य होतो. तिथे पंजा सरळ रेषेत हलवायला जा, एखादा सांधा एकदम भन्नाट वेगाने फिरायला बघतो. पडद्यावर ते लाल अक्षरांत दिसतं. हाताभोवतीच्या आमच्या सुरक्षा-पिंजऱ्याबाहेर टीच पेंडंट, म्हणजे हात चालवायचा रिमोट, धरून उभं राहिलं की पोटात गोळा येतो, आणि तो आलेला बरा. ही पोरं उद्या चाकण-भोसरीत त्याच पिंजऱ्यांशी उभी राहणार आहेत.

तू म्हणशील, मग चाकं कापा. नाही गं! तेही मी होऊ देणार नाही. गाडी बाजूला सरकू शकत नाही, तरी पुढे-मागे करत लक्ष्मी रोडवरच्या चिमूटभर जागेत बसते. हे कळायला हातांच्या गणिताच्या पुढे जावं लागतं. हाताला आपण कुठे आहोत ते नेमकं ठाऊक असतं, तिथे पोचायचं कसं हे अवघड. गाडीला आपण कुठे आहोत हेच अवघड. चाक जरासं घसरतं, चूक साठत जाते, मग भिंत बघा, खुणा बघा, त्या मोजमापांवरून जागेचा अंदाज सुधारणारा काल्मन फिल्टर लावा. त्या साताऱ्याच्या मुलीला आज जे उमगलं, ते दोन्ही यंत्रं एका खोलीत होती म्हणून. एक काढून टाकलं असतं तर बाकीचे अजून एन्कोडर बदलत बसले असते. बैठकीत मला हेच सांगायचंय, आणि शांतपणे सांगायचंय. ते मला कितपत जमतं तुला माहीत आहे. नानांशी झालेलं तू पाहिलंयस.

'प्रज्ञान' चंद्रावर उतरला त्या रात्रीचा तुझा मेसेज मी जपून ठेवलाय, 'सहा चाकं, शून्य हात. हरलीस.' बरं. पण अंतराळ स्थानकाचे बरेचसे भाग जोडले कोणी? कॅनडाच्या यंत्रहाताने. मी हरलेले नाही.

तुझं कसं चाललंय? ओंकारची दहावी, त्याला सारखं 'बस, अभ्यास कर' म्हणू नकोस. सासूबाईंच्या गुडघ्याचं ठरलं का? नव्या घराचे फोटो पाहिले, स्वयंपाकघर छान आहे, ओटा उंच वाटतो. २०१४ ला आशियाची रोबोकॉन बालेवाडीला झाली तेव्हा आलीस, तेव्हासारखी नीट चार दिवस काढून ये आता.

आणि मला एक हवंय. तुमच्या गोदामात त्या चाकांच्या गाड्यांवर आता हात बसवताय ना? तर नवीन पोरांना घेताना तू काय विचारतेस, कुठे अडकतात, ते अर्ध्या पानात लिहून पाठव. गुरुवार संध्याकाळपर्यंत. माझं म्हणणं ते 'बाईंचं प्रेम' म्हणून सोडून देतील. तुझं म्हणणं, वीस वर्षं चाकांची बाजू घेणाऱ्या माणसाचं, त्यांना ऐकावं लागेल. मराठीत लिही, इंग्रजीत लिही, पण खरं लिही. हातांशिवाय चालतं असं तुला वाटत असेल तर तेही लिही, मी तसंच वाचून दाखवेन. मग मात्र माझ्याशी भांडायला पुण्यात यावं लागेल.

तुझी,
शुभा