शिरोडकरच्या घरात काय झालं असेल?

नाशिक,
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि हे मला सलग सांगायचंय. इकडे चार दिवस पाऊस लागून राहिलाय. धरणातून पाणी सोडलं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, आणि निम्मं गाव मोबाइल घेऊन गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, उभं. मीही गेलो होतो. छत्रीच्या दोन तारा मोडून परत आलो.

तर मुद्दा. आमच्या सोसायटीत 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पुस्तकांची पेटी येते, हे तुला मागे सांगितलंच होतं. पेटी मीटरच्या खोलीशेजारी असते, किल्ली माझ्याकडे. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून त्यावर बोलायचं, असा घाट मीच घातला. पहिल्या महिन्यात चार जण आले, त्यातला एक वॉचमन, आणि तो खुर्च्या उचलायला थांबला होता. या वेळी मिलिंद बोकिलांचं 'शाळा' ठेवलं, तर चौदा जण! अर्थात त्यातल्या पाच जणांनी फक्त सिनेमा पाहिलेला, २०१२ सालचा, आणि पुस्तक वाचल्यासारखे सगळ्यांत जास्त तेच बोलत होते.

मी निश्चिंत होतो. 'शाळा'वर कोणाचं काय भांडण होणार? मौज प्रकाशनानं ते २००४ साली काढलं तेव्हा आपण पस्तिशीचे होतो. रात्री अकरा वाजता तुझा फोन आलेला मला अजून आठवतो : "अरे, या बोकिलांनी आपली वही चोरून छापलीय." याआधी एका पुस्तकानं तुला इतका झटका दिला होता तो एफ.वाय.ला, नेमाड्यांच्या 'कोसला'नं. सहा महिने तू त्यातल्यासारखा प्रत्येक वाक्यात 'उदाहरणार्थ' घालायचास आणि घरी वडिलांच्या शिव्या खायचास. पण 'कोसला' दुसऱ्या कोणाचं तरी होतं, आपण ते अंगावर घालून मिरवलो. 'शाळा' मात्र आपलंच. नववी, मागचा बाक, मुकुंदाची लाइन शिरोडकरवर, बाकी कोणाची कोणावर याचा जमाखर्च, मुलींना आडनावानं हाक. हे सांगायला कोणी पुढे यावं लागलं, एवढंच.

सुरुवात केली एका निवृत्त मुख्याध्यापकांनी. ते पेन्सिलने खुणा करत वाचतात, पेटीतल्या पुस्तकावरसुद्धा. मी काही बोललो नाही. त्यांचं म्हणणं, भाषा हीन आहे, शिक्षकांची टवाळी आहे, आणि नववीतल्या मुलांच्या हातात हे पुस्तक ते देणार नाहीत. मागून कोणीतरी विचारलं, "मग कोणाच्या हातात द्यायचं, सर? पन्नाशीतल्या?" आम्ही बहुतेक पन्नाशीतलेच, त्यामुळे हशा झाला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "पस्तीस वर्षांत मी खणभर चिठ्ठ्या जप्त केल्या. जवळजवळ सगळ्या मुलांच्या अक्षरातल्या. मुलींच्या अक्षरातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या." त्यांना यातून सुचवायचं होतं की मुलं वाह्यात असतात. मला तेव्हा त्यात एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना प्रेमप्रकरणात अजिबात रस नव्हता. त्यांच्या मते कादंबरी आणीबाणीची आहे, बाकी सगळं वेष्टण. त्यांचे वडील तेव्हा 'मिसा'खाली, म्हणजे त्या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, नाशिकरोडच्या जेलमध्ये होते. जेलच्या दाराशी आईचं बोट धरून उभं राहिलेला सहावी-सातवीतला मुलगा ते स्वतः. मला वाटलं, आता ते म्हणणार की लेखकानं आणीबाणीवर आणखी लिहायला हवं होतं. ते उलट बोलले. म्हणाले, "बरोबर एवढीच होती ती आमच्या वयाला. मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची आणि आम्ही खोलीत शिरलो की विषय बदलायची. मी वडिलांना भेटून आलो की संध्याकाळी विटीदांडूच खेळायचो." पुस्तकातली मुलं अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून मुलींची खलबतं करतात आणि देशात ते सगळं चाललेलं असतं, हे त्यांना खोटं नाही, फार खरं वाटतं. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

अंबडच्या कंपनीत काम करणारा एक तरुण भाडेकरू आहे, सिन्नरकडचा. तो थोडक्यात बोलला. त्याची शाळा पाच किलोमीटरवर होती, शेतात कामं निघाली की वर्ग अर्धा रिकामा. "पुस्तक चांगलंय, पण ही तुमची शाळा. यातल्या फावड्यानं, मुकुंदाच्या त्या गरीब दोस्तानं, स्वतःची नववी लिहिली असती, तर मी विकत घेतलं असतं." यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

मग एक नववीतली मुलगी. आईनं ओढून आणलेली, कानातला एक इअरफोन तसाच. मला वाटलं, आता 'बोअर आहे' ऐकायचंय. तिला काय आवडलं असेल? ती इमारत. शिरोडकर नाही, मुकुंदा नाही. ती म्हणाली, "त्यांना बसायला जागा होती, जिथे कुणी बघत नाही. आम्हाला अशी जागाच नाहीये. शाळेत कॅमेरा, क्लासमध्ये कॅमेरा, जिन्यात कॅमेरा, गच्चीला कुलूप." आणि तिनं वर बघितलं, तर तिच्या डोक्यावर पार्किंगचा कॅमेरा. तो बसवायचा ठराव माझाच, पक्या. मी सचिव असतानाचा.

आतापर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. चहा आला. सिनेमावाल्यांपैकी एक जण भावुक होऊन म्हणाला, "काय दिवस होते ते! किती निरागस प्रेम होतं आपलं!" तेव्हा आमच्याच वयाच्या एक बाई, बँकेत होत्या, आता घरीच असतात, कप खाली ठेवून म्हणाल्या, "आपलं म्हणजे कोणाचं?"

मग त्यांनी सांगितलं ते मी जमेल तसं सांगतो. त्या नववीत असताना एक मुलगा वर्षभर त्यांच्या मागे होता. मागे म्हणजे काय, कोपऱ्यावर उभा, क्लासच्या वाटेवर सायकल हळू, मित्रांचं खाकरणं. एक अक्षरही वाईट बोलला नाही कधी. एक दिवस कोणीतरी त्यांच्या घरी सांगितलं. "त्याला त्याच्या वडिलांनी दोन थोबाडीत मारल्या असतील. माझी कबड्डी बंद झाली. शाळेच्या संघात होते मी. संध्याकाळी बाहेर पडायचंच नाही, भाऊ सोडायला, भाऊ आणायला. दहावीनंतर कॉलेजही घरच्यांनी ठरवलेलं, मुलींचं. आणि तो मुलगा आज कुठेतरी बसून म्हणत असेल, काय निरागस दिवस होते."

पार्किंगमध्ये कोणी हललं नाही. पाऊस तेवढा पत्र्यावर.

मुख्याध्यापक सरांना वाटलं, आपल्याला साथीदार मिळाली. "म्हणूनच म्हणतो, हे पुस्तक —" पण बाईंनी त्यांनाही थांबवलं. त्यांनी 'शाळा' तीन वेळा वाचलंय. त्यांना ते आवडतं. "आवडतं म्हणून तर राग येतो," म्हणाल्या. "सगळं पुस्तक मुकुंदाच्या डोळ्यांनी. शिरोडकर कशी चालते, काय नेसते, कधी हसते, सगळं आहे. शेवटी तिच्या घरचे गाव सोडून जातात आणि याला मागून कळतं. मी दरवेळी तिथे येऊन थांबते. शिरोडकरच्या घरात काय झालं असेल? तिला कोणी विचारलं असेल का, तुला तो आवडत होता का?"

मी लेखकाच्या बाजूनं बोललो. आयोजक ना मी. म्हटलं, अहो, ते मुकुंदाला माहीत नाही म्हणून पुस्तकात नाही. चौदा वर्षांच्या मुलाला जेवढं दिसतं तेवढंच लेखकानं दाखवलंय, ही त्याची हुशारी आहे. तो काही म्हणत नाही की मुकुंदाला सगळं कळलं. बाई म्हणाल्या, "लेखकाचं मला पटलंय हो. त्याला ठाऊक आहे की मुकुंदाला ठाऊक नाही. मी वाचणाऱ्यांचं बोलतेय. तुम्ही पहिल्यांदा वाचलंत तेव्हा थांबला होतात का त्या जागी?"

नव्हतो. मी त्या जागी रडलो होतो, आणि ते स्वतःसाठी. तूही.

आता तुला कळलं असेल हे पत्र का. नववीत आपण गेलो आणि पंधरा दिवसांत कपिलनं वर्ल्ड कप आणला, म्हणजे १९८३. त्या पावसाळ्यात आपण रोज सव्वादहाला व्हिक्टोरिया पुलाच्या टोकाला, रसवंतीच्या बंद फळ्यांना टेकून उभे. ती पंचवटीतून चालत यायची, दप्तर छातीशी धरून. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुला माहीत आहे. नाव तरी कुठे, आपण आडनावच घ्यायचो. गणपतीनंतर तिच्याबरोबर धाकटा भाऊ यायला लागला. आपण त्याचं नाव 'पोलीस' ठेवलं आणि किती हसलो! दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गात नव्हती. कोणी म्हणालं वडिलांची बदली झाली, कोणी म्हणालं मामाकडे पाठवली. आपण बदलीवर विश्वास ठेवला, कारण बदलीत आपला हात नसतो. तू दोन दिवस जेवला नव्हतास, की जेवला नव्हतास असं मला सांगितलं होतंस, ते तुझं तू जाणे. मी विजयानंदला एकट्यानं मॅटिनी बघून दुःख साजरं केलं.

एकवीस वर्षांनी ते पुस्तक आलं आणि आपण म्हणालो, हे आपलंच. त्यातल्या सुऱ्याचं, म्हणजे मुकुंदाच्या दोस्ताचं, आणि केवडा या मुलीचं प्रकरण शाळेपर्यंत जातं, ती पानं आपण किती चवीनं वाचली. सुऱ्याला मार बसतो म्हणून आपल्याला वाईट वाटलं. केवड्याच्या घरी त्या संध्याकाळी काय झालं असेल, हा विचार मला परवापर्यंत, सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत शिवला नव्हता. आणि हे पुस्तकात लपवलेलं नाही रे. मी काल रात्री परत वाचायला घेतलं. मुली बावरलेल्या आहेत, बोलायच्या आधी इकडेतिकडे बघतात, घरच्यांचा विषय निघाला की गप्प होतात. सगळं तिथेच छापलेलं आहे. आपण ते 'लाजतात' असं वाचलं.

तू म्हणशील, बाळ्या, आता प्रायश्चित्त घेणार का? आपण तिला हातही लावला नाही, वाईट शब्द बोललो नाही, त्या वयात सगळेच करतात. हेच मीही स्वतःला सांगून पाहिलं. पण खाकरायचो आपण. आणि एक चिठ्ठी होती.

घरी बायकोला सगळी चर्चा सांगितली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बराच उशीर लागला कळायला." मी विचारलं, तुझ्या मागे होतं का कोणी? तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "चटणी काढू का?" त्यापुढे मी गेलो नाही.

सोसायटीत मात्र दोन तट पडलेत. सिनेमावाले म्हणतात, बाईंनी एका चांगल्या पुस्तकाचा विचका केला. सरांनी पेटीतून 'शाळा' काढून टाकावं असा चक्क अर्ज लिहून दिलाय, शुद्धलेखन उत्तम आहे. सिन्नरच्या मुलानं ते परत वाचायला नेलंय. काका म्हणतात, पुढच्या वेळी आणीबाणीवर स्वतंत्र बैठक घ्या. आणि ती नववीतली मुलगी मला जिन्यात गाठून म्हणाली, "अंकल, गच्चीची किल्ली मिळेल का? आम्ही चौघी आहोत. फक्त बसायचंय." मी म्हटलं, कमिटीत विषय ठेवतो. असं उत्तर देताना आपले हेडमास्तर आठवले आणि लाज वाटली, म्हणून किल्ली दिली. कमिटीला सांगितलेलं नाही.

पेटी पंधरा तारखेला पुढे जाईल. 'शाळा' जागेवर ठेवूनच पाठवणार आहे. माझ्या हातात आहे ती प्रत मात्र तुझी, २००४ सालची, आत तुझं नाव आणि चहाचा डाग. वीस वर्षं परत केली नाही. हवी असेल तर गणपतीत ये, मिसळ खायला घालतो.

आणि येण्याआधी एक कळव. ती चिठ्ठी शेवटी आपण तिच्या दप्तरात टाकली होती की नाही? मला आठवतं की टाकली नव्हती, भ्यालो होतो. पण मला सोयीचं तेच आठवतं, हे आता ध्यानात आलंय. माझं अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून लिहिली होतीस तू. तेव्हा तुलाच माहीत असणार.

तुझा,
बाळ्या